ठोका चुकल्यासारखा वाटतो, इसीजी मात्र नॉर्मल: पुढे काय करायचं?

आधी तपासणी. एमडी मेडिसिन डॉक्टरांना एकदा नीट दाखवा. इसीजी, बीपी, हिमोग्लोबिन, थायरॉइडची टीएसएच आणि रक्तातलं पोटॅशियम, एवढ्यात बहुतेकांचं भागतं. ठोके फार वेळा चुकत असतील तर टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) किंवा चोवीस तासांचा होल्टर (अंगावर लावून ठोके नोंदवणारं यंत्र) सांगतात. अंगात रक्त कमी असलं तरी छाती धडधडते. धडधडीची तक्रार घेऊन आलेल्या बाईला रक्त न तपासताच ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून परत पाठवत असतील, तर तपासणीचा आग्रह धरा.

छाती आवळल्यासारखी दुखणं, कळ जबड्यात, हातात किंवा पाठीत जाणं, दरदरून घाम सुटणं किंवा चक्कर येऊन पडणं, यातलं काही असेल तर लगेच १०८ला फोन करा. त्या वेळी ‘गॅस झालाय’ म्हणत सोडा पिऊन बसणं जिवावर बेततं. शुगर असलेल्यांना दुखणं जाणवेलच असंही नाही. काम करतानाच धडधड सुरू होत असेल किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेलेलं असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. पुढचं सगळं आहे ते ‘हृदयाला काही नाही’ असं सांगून झालेल्यांसाठी.

खरं तर ठोका चुकत नाही, वेळेआधी पडतो. हृदय पुरतं भरलेलं नसल्यामुळे तो हलका असतो, पुष्कळदा कळतही नाही. त्यानंतर जरा मोठी उसंत जाते, तेवढ्यात जास्त रक्त भरतं आणि पुढचा ठोका ‘धप्’ करून बसतो. आपल्याला जाणवतो तो हा शेवटचा, म्हणजे चांगला ठोका. धडधाकट माणसांनाही असे ठोके पडतात, बहुतेकांना पत्ता नसतो. डाव्या कुशीवर झोपलं की हृदय बरगड्यांच्या जवळ येतं, म्हणून रात्री ते जास्त ऐकू येतं. श्वास घेताना नाडी थोडी जलद आणि सोडताना संथ होणंही नॉर्मलच.

मग त्रास टिकतो कशामुळे? तपासत राहण्यामुळे. मनगटावर बोट ठेवलं की घटकाभर बरं वाटतं. पण भीतीने अंगातलं ॲड्रेनालिन हे संप्रेरक वाढलेलं असतं, त्याने आणखी ठोके पडतात आणि बोट परत मनगटावर जातं. म्हणून मोडायची ती ही सवय.

तीन दिवस नुसत्या रेघा मारा: नाडी पाहिली, ऑक्सिमीटर लावला, यूट्यूबवर लक्षणं शोधली, बायकोला ‘माझी नाडी बघ गं’ म्हटलं, प्रत्येकाची एक रेघ. आकडा पाहून बहुतेकजण चपापतात. चौथ्या दिवसापासून तपासावंसं वाटलं की दहा मिनिटं थांबायचं आणि हातातलं काम चालू ठेवायचं. दुसऱ्या आठवड्यात अर्धा तास, तिसऱ्यात दिवसातून एकदाच, सकाळी. चौथ्यात तेही बंद. घड्याळातली नाडीची सूचना पहिल्याच दिवशी बंद करा. इथे फसतं ते चोरट्या तपासणीमुळे: उशीवर कान दाबून ठोके ऐकणं, बोलता बोलता गळ्याला हात लावणं. त्याचीही रेघ मारायची. खिशात ‘असू द्या’ म्हणून ठेवलेली, छातीत दुखल्यावर घ्यायची जिभेखालची गोळी डॉक्टरांनी दिलेली नसेल तर काढून टाका. तिने बीपी उतरतं आणि धडधड उलट वाढते.

घाबरून खोल खोल श्वास घेऊ नका. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं आणि आता ॲटॅकच आला असं वाटतं. नाकाने चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, पाच मिनिटं. घबराटीचा झटका साधारण दहा मिनिटांत टोक गाठून उतरतो.

भीती मोडायला धडधड मुद्दाम आणावी लागते. हा भाग टाळला तर बाकीचं फार दिवस टिकत नाही. डॉक्टरांना विचारून जागच्या जागी एक मिनिट पळा. आधी कागदावर लिहा, ‘मी पडेन’. मग खुर्चीत बसा, नाडीला हात न लावता छाती आपोआप शांत होऊ द्या आणि खाली लिहा, खरंच काय झालं. हे रोज करा, चार-पाच दिवसांनी जिने चढा. मे महिन्यात लातूर-परभणीच्या उन्हात दुपारी मात्र नको, सकाळीच.

ऊन वेगळंही बाधतं. घामाने पाणी आणि क्षार गेले की नाडी वाढते. शेतात किंवा मोंढ्यात दिवस जात असेल तर ताक, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी चालू ठेवा (बीपी असेल तर मिठाचं डॉक्टरांना विचारून). दर पाहुण्यासोबत होणारा चहा दिवसाला दोन कपांवर आणा. तंबाखू, गुटखा, मिसरी सोडाच. निकोटीन थेट नाडी वाढवतं, आणि मिसरी लावणाऱ्या बाईला डॉक्टर बहुधा विचारतच नाहीत.

घरच्यांनी ‘काही नाही हो तुम्हाला’ हे दिवसातून वीसदा म्हणणं थांबवावं. ते ऐकणंही तपासणीच असतं. ‘दहा मिनिटं झाली का? चला, तोवर जनावरांना पाणी पाजून येऊ,’ एवढं पुरे.

महिनाभरात फरक नाही पडला, झोप किंवा काम बुडायला लागलं, तर जिल्हा रुग्णालयात मनोविकार तज्ज्ञांना दाखवा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. गोळ्या सुरू झाल्या तर गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात, सोडायच्या त्याही विचारूनच. इसीजी परत काढायचा तो डॉक्टर म्हणाले तर, किंवा लक्षण खरोखर नवं असेल तर. जुनाच ‘धप्’ परत आला म्हणून नाही.