तानपुऱ्यावर कोरण्याआधी: वाद्यांच्या ब्रँडचं नाव ठेवताना या चुका टाळा

माझ्या पहिल्या वीस तानपुऱ्यांवर ‘स्वर’ने सुरू होणाऱ्या नावाची पट्टी आहे. तेव्हा नाव फार गोड वाटलं होतं. मग एके सकाळी पुण्याहून एका बाईंचा फोन आला. म्हणाल्या, ‘तुमच्याकडून घेतलेल्या तानपुऱ्याची जवारी बिघडलीय, वर्षही झालं नाही.’ जवारी म्हणजे घोडीवर तार टेकते ती जागा घासून आणलेला गुंजता आवाज. फोटो मागवला. तानपुरा माझा नव्हताच. पट्टीवर ‘स्वर’ होतं, पुढचा शब्द वेगळा. बाईंना ‘स्वर’ तेवढं आठवलं, नेटवर शोधलं आणि माझा नंबर सापडला. जवारी मीच पुन्हा नीट करून दिली, पण दुसऱ्याच्या कामाचे बोल मी ऐकून घेतले होते.

स्वर, सूर, नाद, लय, शारदा, सरस्वती. वाद्यांच्या दुकानांच्या पाट्या वाचत गेलात तर हेच पाच-सहा शब्द अदलाबदल करून लावलेले दिसतील. आमच्या धंद्यात जाहिरात कमी आणि सांगावा जास्त चालतो. गुरुजी रियाज संपता संपता शिष्याला सांगतात, ‘अमक्याकडून घे.’ शिष्य ते घरी जाऊन आई-वडिलांना सांगतो. दोन तोंडांतून गेल्यावरही शाबूत राहील असंच नाव हवं. शिवाय नुसता मालाचा प्रकार किंवा गुण सांगणारा शब्द ट्रेडमार्क म्हणून नोंदवायला गेलात तर हरकत येण्याची शक्यता जास्त.

गावाचं नाव जोडताना

मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. बाहेरगावी वाद्य बनवून त्यावर ‘मिरज’ लिहिणं आता नुसतं खोटं नाही, कायद्याच्या कचाट्यात सापडणारं आहे. मिरजेत शिकला असाल तर ते स्वतःच्या ओळखीत अभिमानाने लिहा, ब्रँडमध्ये नको. मिरजेतल्याच कारागिराने मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून रीतसर नोंद करून घ्यावी. पण तेवढ्यानेही तुमची वेगळी ओळख होत नाही, कारण शेजारचा कारागीरही मिरजेचाच असतो.

आडनावाचा गुंता

मिरजेत सतार बनवणाऱ्या घराण्यांनी ‘सतारमेकर’ हेच आडनाव लावलं. मिरजेतले सुरुवातीचे सतार-कारागीर फरीदसाहेब यांच्यापासून चालत आलेली ही परंपरा दीडशे वर्षांहून जुनी. अशा आडनावात वजन असतं, पण ते एकट्याचं नसतं. उद्या चुलतभावाने पलीकडच्या गल्लीत त्याच आडनावाची पाटी लावली, तर प्रामाणिकपणे स्वतःचं नाव वापरणाऱ्याला ट्रेडमार्क कायदाही अडवत नाही. म्हणून आडनावासोबत आजोबांचं नाव किंवा एखादी खूण जोडा. वाटण्या होण्याआधीच, सगळे एका ताटात जेवत असतानाच, नाव कोणाकडे राहणार ते कागदावर आणा. नंतर तो विषय निघतो तो वकिलासमोरच.

रोमन लिपीत लिहून पाहा

‘नाद’ हा आपला लाडका शब्द. निर्यातीसाठी कोणी तो शेवटी ए जोडून ‘एन-ए-डी-ए’ असा लिहिला, की स्पॅनिश वाचणाऱ्याच्या लेखी त्याचा अर्थ होतो ‘काहीही नाही’. ‘सूर’ एका ‘यू’ने लिहिला तर तोच माणूस ‘दक्षिण’ असं वाचतो. परदेशी जाऊ दे, आपल्याकडेही ‘वाणी’ला व्ही की डब्ल्यू, शेवटी आय की डबल ई, यातच गिऱ्हाईक चुकतं आणि त्याचा मेल भलत्याच पत्त्यावर जातो. जर्मनीतून न्यूयॉर्कला गेलेल्या श्टाइनवेग कुटुंबाने १८५३ साली पियानोचा कारखाना काढला तो ‘स्टाइनवे’ या नावाने. गिऱ्हाइकाच्या जिभेला वळण लावत बसण्यापेक्षा त्यांनी नावालाच वळण दिलं.

माझी कसोटी साधी आहे. मावशीला फोन लावा, नाव एकदाच सांगा आणि लिहून पाठवायला सांगा. ‘काय म्हणालास?’ असं आलं की ते नाव बाद.

नोंदणीआधी शोध

ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोध फुकट आहे. नोंदणीसाठी माल आणि सेवांचे ठरलेले वर्ग असतात: वाद्यं वर्ग १५ मध्ये येतात, दुरुस्तीची सेवा वर्ग ३७ मध्ये. हुबेहूब नाव शोधून थांबू नका, उच्चारसाम्याचाही शोध घ्या. बहुतेक जण चुकतात ते इथेच. एकट्या कारागिराला ऑनलाइन अर्जासाठी एका वर्गाला ४,५०० रुपये शुल्क पडतं. अर्ज ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यावर चार महिने कोणीही हरकत घेऊ शकतं, म्हणून तोवर लेबलांचा हजाराचा गठ्ठा छापू नका. नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. वर्तुळातला ‘आर’ नोंदणी झाल्यावरच लावायचा. आधी लावणं बेकायदेशीर आहे, तोवर ‘टीएम’ चालतो.

वेबपत्ता आणि इन्स्टाग्रामवरचं नाव त्याच दिवशी घेऊन टाका, एवढं पुरे.

चूक झालीच असेल तर

नाव बदलायला लाजू नका, पण एका रात्रीत बदलू नका. वर्ष-दोन वर्षं नव्या नावाखाली बारीक अक्षरात ‘पूर्वीचे अमुक’ लिहा. गुरुजनांना स्वतः फोन करून सांगा, कारण शिष्यांना ते जुनंच नाव सांगत राहतात. आणि नाव थेट लाकडात कोरू नका. कोरलेलं खरवडायचं म्हणजे पॉलिश उतरवून पुन्हा चढवायचं, दोन-चार दिवस त्यातच जातात. काढता येईल अशी छोटी पट्टी लावा.

माझे ते पहिले वीस तानपुरे अजून अधूनमधून दुरुस्तीला येतात. जुनी पट्टी मी काढत नाही. वहीतला त्याचा क्रमांक शोधतो आणि नव्या नावाच्या कार्डावर तो लिहून गवसणीच्या खिशात ठेवतो. सात नंबरचा गेल्या महिन्यात आला होता.