डिटॉक्स चालू करताय? मग या चुका टाळा

क्लीन्स म्हणा, डिटॉक्स म्हणा, रिसेट म्हणा, शरीर आतून साफ करायचा सात दिवसांचा प्लॅन हातात पडला की लोकांची पहिल्या दिवसाची तयारी काय विचारता, ज्यूसर येतो, बाटल्या येतात, फ्रीजवर चार्ट लागतो, आणि आठव्या दिवशी सकाळी काय खाणार असं विचारलं की समोरचा गप्प. गडबड सगळी तिथेच आहे. सात दिवस माणूस दात-ओठ खाऊन काढतोच, वाट लागते ती त्यानंतर.

आधी एक गैरसमज बाजूला काढू. शरीरात घाण साठलीये आणि ती धुवून काढायचीये, हे काही खरं नाही. किडन्या दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातलं जेमतेम दीड-दोन लिटर लघवीवाटे बाहेर टाकतात, दारू आणि औषधं मोडून काढायला लिव्हर आहे, आणि ही कामं रोज फुकटात चालू असतात. आतडी साफ करायची पावडर घेतल्यावर रबरासारखे लांब पट्टे पडल्याचे फोटो बघितले असतील ना? त्या पावडरीत बहुतेक वेळा इसबगोल आणि बेंटोनाइट माती असते, दोन्ही पाण्यात फुगून चिकट होतात, म्हणजे तो पट्टा त्या पावडरीनेच बनवलेला असतो. पायांतून घाण ओढून काढतं म्हणून विकतात त्या पाय बुडवायच्या मशीनचं पाणी तपकिरी होतं तेही आतल्या धातूच्या पट्ट्या गंजतात म्हणून, पाय न घालता चालू करून बघा, तरी होईल.

मग करायचंच नाही का? करा की. गोड ड्रिंक्स, रात्री उशिरा खाणं, हाताला लागेल ते पाकीट फोडणं, या सवयी मोडायला एक ठरलेली तारीख खरंच कामाला येते. फक्त आपण सवय बदलतोय, आतून धुलाई करत नाहीये, एवढं डोक्यात पक्कं ठेवा.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे पहिल्याच दिवशी साखर, कॉफी, चहा, धान्य, दूध सगळं एकदम बंद करणं. दुसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागतं, चिडचिड होते, आणि मग कुणीतरी सांगतं की अरे हे टॉक्सिन्स, म्हणजे विषारी द्रव्यं, बाहेर पडतायत, चांगलं लक्षण आहे. कसलं चांगलं लक्षण! रोज कॉफी पिणाऱ्याने ती तोडली की १२ ते २४ तासांत डोकेदुखी सुरू होते, एक-दोन दिवसांत ती टोकाला जाते आणि काही जणांना तर आठवडाभर त्रास देते. तपासायचं असेल तर अर्धा कप कॉफी घ्या, तासाभरात डोकेदुखी उतरली तर टॉक्सिन वगैरे काही नाही, ते कॅफीनच. त्यापेक्षा आधीच्या आठवड्यापासूनच रोज थोडी थोडी कमी करत आणा, आणि कॉफीऐवजी ग्रीन टी घेत असाल तर त्यातही कॅफीन असतं हे विसरू नका.

आता ज्यूस. चार संत्री सोलून एका बैठकीत खायला बसा, तिसऱ्यालाच पोट भरतं, पण त्याच चार संत्र्यांचा ग्लास दोन मिनिटांत खाली होतो आणि फायबर बहुतेक चोथ्यातच राहून जातं. जागतिक आरोग्य संघटना ज्यूसमधली साखर फ्री शुगरमध्येच धरते, म्हणजे साखरेच्या डब्यातल्या साखरेच्याच रांगेत, आणि मोठ्या माणसासाठी ती दिवसाला साधारण ५० ग्रॅमच्या आत, जमलं तर २५च्या आत ठेवायला सांगते. दिवसभर नुसते ज्यूस प्यायलात की ही मर्यादा दुपारीच ओलांडली जाते. वर प्रोटीन जवळपास शून्य, त्यामुळे तासातासाला भूक, हातापायात कापरं, आणि फायबर नसल्याने पुढे बद्धकोष्ठताही होऊ शकते. फळ आख्खं खा, भाज्या चावून खा, सोबत डाळी, कडधान्यं, अंडी, दही यातलं काहीतरी घ्या, सुटला प्रश्न. फक्त फायबर एकदम वाढवलंत तर गॅस होणार, ते हळूहळू वाढवा आणि सोबत पाणी घ्या. पाणी पण तहानेप्रमाणे हं, तासाला लिटर-लिटर ढोसत बसलात तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि हे चेष्टेत घेण्यासारखं नाही.

वजनकाटा. तिसऱ्या दिवशी दोन किलो उतरले म्हणून स्टेटस टाकणारे पुष्कळ असतात. शरीर कार्बोहायड्रेट ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं आणि त्याच्या दर ग्रॅममागे जवळपास तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं, खाणं तुटलं की साठा संपतो आणि पाणी निघून जातं. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७७०० कॅलरी, आणि रोज २००० कॅलरी लागणाऱ्याने दिवसभर काहीच खाल्लं नाही तरी हिशोब पाव किलोच्या आसपास येतो, मग तीन दिवसांत दोन किलो चरबी कुठून जाणार? नीट जेवायला लागल्यावर एक-दीड किलो परत येतं, माणूस म्हणतो सगळं वाया गेलं आणि सोडून देतो, खरं तर वाया काहीच गेलेलं नसतं, पाणी परत आलेलं असतं. त्यामुळे क्लीन्स चालू असताना काटा कपाटात टाका.

स्लिमिंग टी हा याच्याच पुढचा प्रकार. त्यात बऱ्याचदा सेना म्हणजे सोनामुखी असते, ती मोठ्या आतड्यावर काम करते आणि कॅलरी तर बहुतेक त्याआधीच लहान आतड्यात शोषून झालेल्या असतात, म्हणजे जुलाब होतात, पोटॅशियम जातं, चरबी जागच्या जागी.

बरं, आठवा दिवस. सुरुवात करायच्या आधीच कागदावर लिहा की यातल्या कुठल्या दोनच गोष्टी पुढे चालू ठेवणार, दहा नाही, दोन. जे बंद केलंय ते परत आणताना एकेक आणा, मध्ये दोन-तीन दिवस सोडा, कारण दूध आणि गहू एकाच दिवशी चालू केलेत आणि पोट फुगलं तर दोष कुणाला देणार? आणि सात दिवसांत सवय लागेल अशी अपेक्षा ठेवू नका, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या २०१०च्या अभ्यासात नवीन सवय अंगवळणी पडायला मध्यक ६६ दिवसांचा आला होता, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी लागले, निम्म्यांना जास्त, कुणाला १८ दिवस पुरतील असा अंदाज निघाला तर कुणाला २५४. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकला तर फारसा फरक पडत नाही असंही दिसलं, म्हणून एका संध्याकाळी केक खाल्लात तर 'आता मोडलंच आहे, सोमवारपासून परत' हे नाटक नको, पुढचं जेवण नीट जेवा, बस.

औषधं चालू असणाऱ्यांनी मात्र हे आपल्या मनाने करायचं नाही. इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या काही गोळ्या तेवढ्याच डोसमध्ये चालू ठेवून जेवण तोडलं तर शुगर धोकादायक खाली जाते, वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवायचं औषध घेणाऱ्याने अचानक हिरव्या भाज्यांचे ग्लास सुरू केले तर व्हिटॅमिन केमुळे औषधाचा असर कमी होतो, आणि किडनीचा त्रास असेल तर ज्यूसमधलं पोटॅशियम आणि पालकातलं ऑक्सलेट नावाचं द्रव्य दोन्ही अंगावर येऊ शकतं. हल्ली ड्रिंक्समध्ये अॅक्टिव्हेटेड चारकोल, म्हणजे प्रक्रिया केलेला कोळसा, घालायचं फॅड आहे, ते पोटातली औषधं स्वतःला चिकटवून घेतं, मग गोळी घेऊनही न घेतल्यासारखीच. गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया, वाढत्या वयाची मुलं आणि खाण्याशी संबंधित मानसिक आजार झालेले लोक, यांनी तर या वाटेला जाऊच नये. बाकीच्यांनाही उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, छाती धडधडली किंवा उलट्या थांबेनात तर प्लॅन तिथेच बंद करायचा आणि डॉक्टरकडे जायचं, उरलेले दिवस पूर्ण करत बसायचं नाही.