एमडी शून्य हरवतो तेव्हा: बूटच्या वेळी सुरू न होणाऱ्या रेड अ‍ॅरेचा अनुभव

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका छोट्या कारखान्यात सर्व्हर सांभाळण्याचे काम मला मिळून जेमतेम चार महिने झाले होते. जुन्या सर्व्हरचा मदरबोर्ड गेला, म्हणून त्यातील दोन-दोन टीबीच्या चार डिस्क मी नव्या यंत्रात बसवल्या. त्या रेड ५ अ‍ॅरेत, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा टिकेल अशा एकत्र रचनेत, असल्यामुळे वापरायला सहा टीबी जागा होती आणि तीत कारखान्याची सगळी ड्रॉइंग आणि सीएनसी यंत्रांचे प्रोग्राम होते. मी एमडीएडीएम या लिनक्सवर रेड सांभाळणाऱ्या कमांडने अ‍ॅरे हाताने जोडला, त्याला एमडी० हे जुनेच नाव दिले, कॉन्फिग फाइलमध्ये त्याची ओळ घातली, फाइली उघडून पाहिल्या आणि समाधानाने पंचवटीतल्या घरी गेले. यंत्र एकदा रीबूट करून पाहावे, हे मात्र सुचले नाही.

दोन दिवसांनी वळवाच्या पावसात वीज गेली आणि यूपीएसनेही मान टाकली. सकाळी सर्व्हर सुरू केला, तर एमडी० ची वाट पाहत तो दीड मिनिट थांबला आणि इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन रूटचा पासवर्ड मागू लागला. डिस्क मेल्या, असे मी ठरवून टाकले आणि पुढचा तासभर केबल काढण्या-घालण्यात घालवला. तुम्ही हे करू नका. आधी प्रॉकमधील एमडीस्टॅट ही अ‍ॅरेची सद्यस्थिती दाखवणारी फाइल वाचा. तिथे अ‍ॅरेचा मागमूसच नसेल, तर डिस्क दिसतात का ते तपासा. अ‍ॅरे इनअ‍ॅक्टिव्ह असेल आणि प्रत्येक डिस्कपुढे कंसात एस असेल, तर सुटे भाग सापडले आहेत, पण अ‍ॅरे चालू झालेला नाही. माझ्याकडे तिसराच प्रकार होता: अ‍ॅरे चारही डिस्कसह ठणठणीत चालू होता, फक्त त्याचे नाव एमडी१२७ झाले होते, आणि एफएसटॅबमध्ये, म्हणजे बूटच्या वेळी काय कुठे माउंट करायचे (कोणत्या फोल्डरला जोडायचे) ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, मात्र एमडी० लिहिलेले होते.

हा १२७ आकडा नवशिक्यांना फार घाबरवतो; वास्तविक तो बिघाडाचा आकडा नव्हे. अ‍ॅरे तयार होतो तेव्हा त्याच्या सुपरब्लॉकमध्ये (डिस्कवरील अ‍ॅरेच्या माहितीच्या नोंदीत) त्या यंत्राचे होस्टनेम, म्हणजे नाव, नोंदले जाते. यंत्र बदलले आणि अ‍ॅरेची ओळख कॉन्फिगमध्येही सापडली नाही, तर एमडीएडीएम त्याला परका समजतो आणि १२७ पासून खाली उतरत जाणारा मोकळा क्रमांक देतो. पण ओळ तर मी घातली होती. मग तो परका का ठरला?

मी अडकले ती जागा हीच, म्हणून सविस्तर लिहिते. तुम्ही संपादकात उघडता ती कॉन्फिग फाइल रूट फाइलसिस्टिमवर असते, पण अ‍ॅरे जोडण्याचे काम बूटच्या अगदी सुरुवातीला, रूट माउंट होण्याच्याही आधी, इनिटरॅमएफएस नावाच्या छोट्या बंद गाठोड्यातून होते. त्या गाठोड्यात एमडीएडीएमच्या कॉन्फिगची स्वतंत्र प्रत असते आणि ती गाठोडे बांधले त्या दिवशीची असते. तुम्ही मूळ फाइल शंभर वेळा दुरुस्त केली, तरी प्रत जुनीच राहते. एसटी स्थानकाच्या फलकावर नवे वेळापत्रक लावले, पण वाहकाच्या खिशातला कागद जुनाच असला, तर गाडी जुन्या वेळेलाच सुटणार. म्हणूनच मी एमडी१२७ थांबवून हाताने जोडणी केली की एमडी० मिळे आणि रीबूट केले की पुन्हा एमडी१२७ समोर येई.

डेबियन आणि उबुंटूमध्ये हे गाठोडे अपडेट-इनिटरॅमएफएस या कमांडला वजा यू जोडून नव्याने बांधता येते. रेड हॅटच्या घराण्यात ते काम ड्रॅकट करतो. मी तेही केले आणि तरीही एमडी१२७ च आला. त्या क्षणी मला खरोखर रडू आले होते. कारण असे की वजा यू एरवी सर्वांत नव्या कर्नलचेच (लिनक्सच्या गाभ्याचेच) गाठोडे बांधतो आणि आमचे यंत्र एका कार्डाच्या ड्रायव्हरपायी जुन्या कर्नलवर बूट होत होते. वजा के ऑल जोडून सर्व कर्नलची गाठोडी बांधली, तेव्हा कुठे प्रश्न सुटला. आणखी एक सांगते: एमडीएडीएमच्या डिटेल स्कॅनचे उत्तर, म्हणजे अ‍ॅरेची ओळख सांगणारी ओळ, कॉन्फिग फाइलच्या शेवटी जोडताना मी गडबडीत ते दोनदा जोडले होते. एका अ‍ॅरेच्या दोन ओळी राहू देऊ नका.

आता कठोर इशारा. मधल्या काळात मी एका अनुभवी सरांना फोन केला आणि त्यांनी पडद्यावर काय दिसते हे न विचारताच एमडीएडीएमचे क्रिएट मारायला सांगितले. फोनवरून मिळालेली अशी कमांड कधीही चालवू नये, सांगणारा कितीही ज्येष्ठ असला तरी. असेंबल हा पर्याय आधीपासून असलेला अ‍ॅरे जोडतो. क्रिएट जुने सुपरब्लॉक पुसून नवे लिहितो. डिस्कचा क्रम, चंकचा (डेटाच्या तुकड्याचा) आकार किंवा डेटा ऑफसेट (डिस्कवर डेटा सुरू होण्याची जागा) यांपैकी एक जरी चुकले, तरी आतील फाइलसिस्टिम दिसेनाशी होते, आणि रेड ५ मध्ये तर नेहमीच्या क्रिएटने लगेच एका डिस्कवर नव्याने लेखन सुरू होते. त्या दिवशी भीतीपोटी माझा हात थांबला, एवढेच.

अ‍ॅरे खरोखर इनअ‍ॅक्टिव्ह असला, तरी बहुतेक वेळा घाबरण्याचे कारण नसते. प्रत्येक डिस्कवर एमडीएडीएमचे एक्झामिन चालवून इव्हेंट्सचा (अ‍ॅरेतील बदलांच्या मोजणीचा) आकडा वहीत उतरवा. वीज जाताना एखादी डिस्क बाकीच्यांपेक्षा दोन-चार इव्हेंट्सनी मागे राहते. फरक इतका लहान असेल, तर अ‍ॅरे थांबवून असेंबलला फोर्स जोडल्यावर तो सहसा उभा राहतो. रेड ५ एकाच वेळी अर्धवट (एक डिस्क कमी) आणि अस्वच्छ (शेवटचे लेखन पूर्ण झाल्याची खात्री नसलेला) असेल, तर कर्नल तो आपणहून सुरू करत नाही, आणि तेही योग्यच आहे. फरक हजारोंचा असेल, तर मात्र ती डिस्क फार आधी बाहेर पडलेली असते; तिला जबरदस्तीने आत घेऊ नका. स्मार्टचा, म्हणजे डिस्कच्या प्रकृतीचा, अहवाल वाईट असेल, तर फोर्सच्याही आधी डीडीरेस्क्यूने डिस्कची प्रत काढा.

एफएसटॅबमध्ये एमडीचे नाव न लिहिता फाइलसिस्टिमचा यूयूआयडी (स्वतःचा ओळख क्रमांक) लिहिला, तर नाव बदलले तरी माउंट होते. मीही आता तसेच करते, पण तेवढ्यावर थांबणे मला पटत नाही, कारण आमच्या बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये एमडी० हेच नाव होते आणि ती मुकाट्याने अपयशी ठरली असती. एफएसटॅबमध्ये नोफेल लिहिले की यंत्र अ‍ॅरेशिवायही बूट होते, हे सोयीचे खरे. पण मग लोक रिकाम्या फोल्डरमध्ये फाइली टाकत राहतात आणि त्या रूटच्या डिस्कवर साठतात. म्हणून अ‍ॅरे माउंट होण्यापूर्वीच त्या फोल्डरची लेखनाची परवानगी मी चॅटर या कमांडने काढून घेतली.

त्या संध्याकाळी कामगार गेल्यावर मी सर्व्हर तीन वेळा रीबूट केला आणि तिन्ही वेळा एमडीस्टॅट वाचला. चौथ्यांदा एका डिस्कची केबल मुद्दाम काढून बूट केले. अ‍ॅरे तीन डिस्कवर एमडी० याच नावाने उभा राहिला. मग डिस्क पुन्हा जोडली आणि रात्री रिबिल्ड चालू असतानाच घरी निघाले.