आषाढीला पंढरपूर गाठताना या चुका टाळा

आषाढी जवळ आली की सोलापुरात राहणाऱ्या माणसाला बाहेरगावच्या परिचितांचे फोन येऊ लागतात आणि बहुतेकांचा बेत एकच असतो: एकादशीला सकाळी सोलापूरहून गाडी काढायची, मोहोळमार्गे सत्तर-बहात्तर किलोमीटर जायचे, विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवायचे आणि रात्री जेवायला परत यायचे. या बेतातला एकही टप्पा त्या दिवशी ठरल्याप्रमाणे पार पडत नाही.

पहिली चूक दर्शनाविषयीची. पदस्पर्श दर्शनाची रांग मंदिरापासून गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते आणि तिच्यात उभा राहणारा वारकरी रात्र तिथेच काढण्याच्या तयारीने आलेला असतो. मुखदर्शनाची रांग वेगळी असते, परंतु आषाढीला तिथेही घाई चालत नाही. ‘मंदिरात कुणाची ओळख आहे का?’ या प्रश्नाला मी आता उत्तर देत नाही. आळंदीहून पायी आलेली म्हातारी जिथे हरिपाठ म्हणत रांगेत बसते, तिथे गाडीतून उतरलेल्या माणसाने आडवाट शोधावी, हे मला पटत नाही. चंद्रभागेचे स्नान, पुंडलिकाचे दर्शन, नगरप्रदक्षिणा आणि कळसाला नमस्कार एवढ्यावर असंख्य वारकरी समाधानाने परततात. मीही एकादशीला तेवढेच करतो आणि पायांवर डोके ठेवायला एखाद्या साध्या दिवशी जातो.

दुसरी चूक म्हणजे ‘चुकलो तर नामदेव पायरीपाशी भेटू’ असे ठरवणे. ज्यांना आत जाता येत नाही ते सगळे त्याच पायरीवर माथा टेकतात, त्यामुळे महाद्वारात पाऊल ठेवायला जागा नसते. तिथे भेटायचे ठरवू नका, हा माझा सल्ला मेहुण्याचे चार मित्र हसण्यावारी नेऊन गेले. प्रदक्षिणा मार्गावर एका दिंडीने त्यांना दोन-दोन असे वेगळे केले, फोन लागेनात, आणि दोघे पायरीपाशी तर दोघे घाटावर एकमेकांची वाट पाहत राहिले. द्वादशीला त्यांतले दोघे मोहोळच्या एसटीने, एक कुर्डुवाडीहून रेल्वेने आणि चौथा मंगळवेढ्याच्या कुणा भल्या माणसाच्या टेम्पोतून आमच्या घरी पोचला; गाडीची किल्ली या चौथ्याच्याच खिशात होती. मी गर्दीत शिरण्यापूर्वी गावाबाहेरचे एक ठिकाण आणि दोन वेळा कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवतो. लोक हसतात, पण कागदाला नेटवर्क लागत नाही.

नदीविषयी थोडक्यात सांगतो: उजनी धरणातून पाणी सोडलेले असेल तर पात्र एका रात्रीत बदलते, आणि पाणी उथळ दिसले तरी तळातले खड्डे दिसत नाहीत, काठावर बसून तांब्याने स्नान केले तरी पुण्य कमी होत नाही. फोटोसाठी दिंडीच्या रांगा ओलांडू नयेत. रिंगणात अश्व धावतो ती वाट मोकळी ठेवावी. एकादशीला पोटभर जेवणाची अपेक्षा ठेवू नये; भगर, साबुदाण्याची खिचडी आणि केळी मिळतात.

मुळात प्रवासी म्हणून वारी अनुभवायची असेल, तर एकादशीचा हट्ट सोडून दोन-तीन दिवस आधी यावे. नवमीला बाजीराव विहिरीचे रिंगण पाहावे आणि संध्याकाळी वाखरीच्या पालखीतळावर थांबावे. समाज आरतीच्या वेळी चोपदाराने चोप, म्हणजे हातातला दंड, उंचावला की टाळ-मृदंग एकदम थांबतात. एखाद्या दिंडीचे टाळ तरीही वाजत राहिले तर तिची काही तक्रार आहे असे समजतात, आणि हरवल्या-सापडल्या वस्तूही तिथेच पुकारल्या जातात. ही शिस्त पाहायला थांबण्याइतका वेळ ज्यांच्याकडे नाही, त्यांनी शेगावहून येणारी गजानन महाराजांची पालखी सोलापूर शहरात मुक्कामी असताना दर्शन घ्यावे.

परतीसाठी एकादशीची रात्र धरू नये. द्वादशीचे पारणे करून दुपारनंतर निघावे. यात्रेत एसटीची तात्पुरती स्थानके गावाबाहेर असतात, म्हणून उतरतानाच स्थानकाचे नाव लिहून घ्यावे आणि तिथपर्यंत सामानासह चालत जाण्याची तयारी ठेवावी.