असायलमसाठी सायकॉलॉजिकल इव्हॅल्युएशन: या चुका टाळा

अमेरिकेत असायलम, म्हणजे छळापासून आश्रय, मागणाऱ्यांची मानसिक तपासणी करून सायकॉलॉजिस्ट कोर्टासाठी रिपोर्ट लिहितात. त्या इव्हॅल्युएशनला मी हिंदी-उर्दूची इंटरप्रिटर म्हणून बसते. डॉक्टर नाही, वकील तर नाहीच, पण दोघांच्या मधल्या खुर्चीतून जे दिसतं ते सांगते. सगळ्यात जास्त घोळ होतो तो घोकून आलेल्यांचा.

म्हणजे वकिलाकडे दिलेलं डिक्लरेशन, आपल्यावर काय बेतलं त्याचं लेखी निवेदन, तोंडपाठ, तारखा धडाधड, वाक्यंही तीच, आणि सायकॉलॉजिस्टने मध्येच विचारलं की तेव्हा घरात कोण कोण होतं, की सगळं अडतं. आठवत नसेल तर सरळ "आठवत नाही" म्हणा. "थंडीचे दिवस होते, धाकटा नुकता चालायला लागला होता" हेही चालतं. 2002 साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता, ब्रिटनमध्ये राहायची परवानगी आधीच मिळालेल्या कोसोव्हो आणि बोस्नियाच्या निर्वासितांना काही आठवड्यांच्या अंतराने तेच प्रसंग दोनदा विचारले, तर खोटं बोलायचं काही कारण नसतानाही तपशील बदलले. आणि इकडे 2005च्या रिअल आयडी कायद्यामुळे जज अगदी किरकोळ विसंगतीवरूनही तुमच्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते ठरवू शकतो. आठवणी अशा तुटक का आहेत हे रिपोर्टमध्ये यायला हवं ना? मग त्या पाठांतराने झाकून कसं चालेल!

तारखांवरून आठवलं, कॅलेंडर. अफगाण माणूस 24 असद 1400 म्हणतो ते 15 ऑगस्ट 2021, काबूल पडलं तो दिवस. आता इंग्रजी साल काढायला घाईत कोणीतरी नुसते 621 मिळवतं, पण त्यांचं वर्ष मार्चमध्ये बदलतं, त्यामुळे हूत (त्यांचा शेवटचा महिना) 1399 हे 2020 नाही तर 2021चं फेब्रुवारी-मार्च होतं. एका वर्षाचा फरक कागदावर आला की निस्तरत बसा. आपल्याला कोणी शके विचारलं तर आपलीही तीच गत, म्हणून मूळ तारीख आणि इंग्रजी तारीख दोन्ही लिहून ठेवा.

नवऱ्याला, पोराला इंटरप्रिटर म्हणून आणू नका. प्लीज. बलात्काराबद्दल बाई मुलासमोर बोलेल का? आणि नवराच मारत असेल तर विषयच संपला.

दुसरं म्हणजे रडणं. घरचे सांगून पाठवतात, रड हं, नाहीतर खरं वाटणार नाही. अहो, भावना बधिर होणं हेही ट्रॉमाचं, मानसिक आघाताचंच लक्षण आहे, सपाट आवाजात भयंकर गोष्टी सांगणारी माणसं मी पाहिलीयेत. उलट प्रश्नावलीत प्रत्येक लक्षणाला "हो, खूप" म्हणणाऱ्यावरच शंका येते. झोप ठीक लागत असेल तर ठीक लागते म्हणा.

पण शरीराचं जे होतं ते लपवू नका आणि स्वतःच्या शब्दांत सांगा. आपण "पोटात गोळा येतो" म्हणतो तसं अफगाणांच्या दरी भाषेत मन दुःखाने भरलं की "जिगर खून" म्हणतात. ते शब्दशः रक्ताळलेलं यकृत असं भाषांतर झालं तर मनाचं दुःख राहिलं बाजूला, लिव्हरचीच चौकशी सुरू होईल! इंटरप्रिटरने अर्थ समजावून सांगायला हवा, तो चुकतोय असं वाटलं तर तिथेच थांबवा.

रिपोर्ट आल्यावर "हे घडलं असं छातीठोक का नाही लिहिलं" म्हणून लोक चिडतात. इस्तंबूल प्रोटोकॉल, म्हणजे छळाच्या खुणा तपासून नोंदवायची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका, तिच्या भाषेत लक्षणं सांगितलेल्या घटनेशी "सुसंगत", "अत्यंत सुसंगत" अशा पायऱ्या असतात, खरं-खोटं ठरवणं जजचं काम. पीटीएसडी (आघातानंतर होणारा मानसिक आजार) नाही निघाला तरी केस बुडाली असं नसतं. मात्र रिपोर्ट कोर्टात जाण्याआधी वकिलाने तो डिक्लरेशनशेजारी ठेवून वाचायलाच हवा, भावाचा चुलतभाऊ झालेला मी पाहिलाय.

आणि उशीर करू नका. अमेरिकेत पाऊल ठेवल्यापासून एक वर्षात अर्ज करायचा असतो, ती मुदत हुकली असेल तर गंभीर मानसिक आजार हे अपवादाचं कारण होऊ शकतं, मग वकिलाला ते पहिल्याच भेटीत सांगा, सुनावणीच्या आठवड्यात नाही.

इव्हॅल्युएशन दोन-चार तास चालतं, कधी दोन बैठका लागतात. त्या दिवशी नंतर कामाची शिफ्ट घेऊ नका आणि गाडी दुसऱ्या कोणालातरी चालवू द्या. रात्री वाईट स्वप्नं पडतील, जीव नकोसा वाटला तर 988 या अमेरिकेतल्या आत्महत्या-प्रतिबंध हेल्पलाइनला फोन लावा.