बाळाचा बाप्तिस्मा ठरवताय? हॉल बुक करायच्या आधी हे वाचा

आमच्या वसईत बाळ झालं की महिन्याभरात विचारणा सुरू, बाप्तिस्मा कधी, जेवण कुठे, केक कोणाकडून. तयारी इथूनच सुरू होते आणि खरं महत्त्वाचं ते शेवटच्या आठवड्यात आठवतं. माझ्या दोन्ही मुलांच्या वेळी जे कळलं ते लिहितेय, हे सगळं कॅथलिक पद्धतीचं आहे.

आधी पॅरिश ऑफिसला, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चच्या ऑफिसला फोन करा, हॉलवाल्याला नंतर. बाळाचा जन्मदाखला, तुमच्या चर्चमधल्या लग्नाचा दाखला आणि गॉडपेरेंट्स (बाळाचे धर्मपिता-धर्ममाता, म्हणजे गॉडफादर-गॉडमदर) दुसऱ्या पॅरिशचे असतील तर बहुतेक ठिकाणी त्यांच्या फादरांचं पत्र लागतं. आईवडील आणि गॉडपेरेंट्ससाठी तयारीचा क्लास असतो तो चुकवू नका. माहेरच्या चर्चमध्ये करायचा असेल तर आपल्या फादरांना आधी विचारावं लागतं. उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, बऱ्याच ठिकाणी बाप्तिस्मे ठेवत नाहीत, तेव्हा तारीख विचारूनच ठरवा.

आता गॉडफादर-गॉडमदर, इथे खरंच वेळ घ्या. नियम असा की वय 16 पूर्ण हवं, स्वतः कॅथलिक, दृढीकरण (श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार, कन्फर्मेशन) झालेलं, आणि बाळाचे आईवडील स्वतः चालत नाहीत. दोघं हवेतच असं नाही, एकजण पण पुरतो. दुसऱ्या ख्रिस्ती पंथातला जिवलग मित्र असेल तर एका कॅथलिक गॉडपेरेंटबरोबर त्याला साक्षीदार म्हणून उभं करता येतं. पण नियमापुरतं बघू नका. आम्ही मोठीच्या वेळी मान राखायचा म्हणून गल्फमधल्या नातेवाईकाला उभं केलं, तो फोटोनंतर आजतागायत तिच्याशी धड बोललेला नाही, आणि धाकट्याची गॉडमदर म्हणजे माझी मावसबहीण, ती दर रविवारी त्याला मिस्साला सोबत घेऊन बसते. चर्चमध्ये हे दोघं आईवडिलांसोबत सैतानाला नकार देतात, श्रद्धा कबूल करतात, म्हणजे उद्या आपण कमी पडलो तर या पोराला देवाची वाट दाखवायला आणखी कोणीतरी बांधलेलं आहे. मला बाप्तिस्म्यात सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते.

नाव संताचंच हवं असं नाही, ख्रिस्ती भावनेला विसंगत नसलं की झालं, मराठी नावं आमच्यात भरपूर आहेत. फक्त जन्मदाखल्यावर आणि चर्चच्या रजिस्टरमध्ये स्पेलिंग एकच ठेवा, लग्नाच्या वेळी या रजिस्टरमधूनच बाप्तिस्म्याचा दाखला काढावा लागतो, तेव्हा धावपळ नको.

त्या दिवशी बाळाला दूध पाजून न्या. झबलं पुढून उघडणारं घ्या, छातीला तेल लावतात, मग डोक्यावर तीनदा पाणी, मग टाळूवर क्रिझम (पवित्र सुगंधी तेल), त्यामुळे घट्ट गळ्याचा गाऊन असला की बाळ रडून लाल होतं. मऊ टॉवेल गॉडमदरच्या खांद्यावरच ठेवा. पांढरं वस्त्र नवीनच हवं असं काही नाही, आमच्याकडे माझ्या आईने शिवलेलं एकच झबलं दोघांनी घातलं.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना माहीत असायला हवी. माझी मोठी आठव्या महिन्यात झाली, काचेच्या पेटीत होती, डॉक्टर काही बोलत नव्हते. माझ्या आईने नर्सकडून थोडं पाणी मागून घेतलं आणि तिच्या कपाळावर ओतत म्हणाली, मी तुला पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देते. जिवाला धोका असेल तर हे कोणीही करू शकतं आणि तो पूर्ण बाप्तिस्मा असतो. पुढे पोर घरी आली, फादरांना सांगितलं, त्यांनी रजिस्टरमध्ये नोंद केली, चर्चमध्ये क्रिझम, पांढरं वस्त्र, मेणबत्ती एवढं झालं, पाणी पुन्हा घातलं नाही कारण बाप्तिस्मा एकदाच होतो. त्या रात्री माझ्या आईचा हात जराही थरथरला नाही, ते मी अजून विसरले नाहीये.

पास्काच्या, म्हणजे चर्चमधल्या ईस्टरच्या मोठ्या मेणबत्तीवरून पेटवून देतात ती बाळाची मेणबत्ती फोटो काढून झाल्यावर टेबलावर विसरू नका. सुती कापडात गुंडाळून ठेवा, आपल्या उन्हाळ्यात ती वाकते. मोठीची वाकलीय, पण पहिल्या कम्युनियनला (पवित्र भाकर पहिल्यांदा घेतात त्या दिवशी) तिने हट्टाने तीच धरली.