संदर्भावरून अर्थ लावताय? या चुका टाळा

नाशिकच्या कॉलेज रोडला स्पर्धा परीक्षेच्या मुलांना मराठी शिकवते. बॅच बदलते, उताऱ्यावरच्या प्रश्नांतल्या चुका त्याच. म्हणून एकदाच्या लिहून टाकते.

पहिली आणि सगळ्यात चीड आणणारी : शब्दाच्या तोंडावळ्यावरून अर्थ ठोकून देणं. फळ्यावर लासलगावच्या बाजाराचं वाक्य होतं, 'आवक घटल्याने उन्हाळ कांद्याचे दर वधारले.' वधारले म्हणजे? पुढच्या बाकावरून तत्काळ उत्तर, 'मॅडम, पडले.' का रे बाबा? तर म्हणे, त्यात 'वध' आहे! निफाडकडची एक मुलगी खुदकन हसली. दर वधारले की घरात काय बोलणं होतं, ते तिला ठाऊक. पण घरी कांदा नसला तरी उत्तर समोरच होतं. माल कमी आला, मागणी तेवढीच, मग दर चढणारच. 'घटल्याने'मधला 'ने' कारण सांगतोय, तो वाचायला सवड कुणाला? मी आता अनोळखी शब्द बोटाने झाकायला लावते. उरलेलं वाक्य वाचा, रिकाम्या जागी काय बसेल ते ठरवा, मगच बोट काढा.

दुसरी चूक हुशार मुलांची : एका वाक्यात अर्थ बसला की विषय संपला. 'गंगापूर धरणातून शेतीसाठी आवर्तन सोडले.' एकाने वहीत लिहिलं, आवर्तन म्हणजे पाणी. वाक्यात चपखल बसतंय, बोलणार काय! दुसऱ्या दिवशी त्याला दिलं, 'तीनतालाचे एक आवर्तन १६ मात्रांचे असते.' आता ओत पाणी. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवल्यावर कुठे 'फेरी, पाळी' हे सुचलं. तेव्हापासून वर्गात पहिला अर्थ पेन्सिलने लिहायचा, शाई दुसरं वाक्य भेटल्यावर.

'रोज पन्नास शब्द'वाल्या पीडीएफ मला दाखवूही नका. याद्या घोकणाऱ्यांना विसर्ग म्हणजे दोन टिंबं एवढंच माहीत. पावसाळ्यात गोदावरीत विसर्ग, म्हणजे धरणातून सोडलेलं पाणी, वाढल्याची बातमी आली की गोंधळ.

'पण', 'मात्र', 'तरीही' गाळून वाचू नका. अर्थ बहुतेकदा तिथेच उलटतो.

आणि काही वाक्यांत सुगावाच नसतो. 'दारात छकडा उभा होता.' 'उभा'वरून पुल्लिंगी कळलं, पुढे? घोडा असेल, टेम्पो असेल. इथे अंदाज लढवत बसू नका, सरळ शब्दकोश उघडा. छोटी बैलगाडी निघेल.